ग्रिडविना सौर पॅनेलवर विजेच्या गाडीची बॅटरी चार्ज करणे: नवख्यांसाठी मार्गदर्शक

जिथे ग्रिडची वीज पोहोचलेली नाही, किंवा पोहोचली असूनही तिच्यावर अवलंबून राहायचे नाही, अशा ठिकाणी विजेची गाडी वापरायची ठरली की सौर पॅनेलची वीज सरळ गाडीच्या बॅटरीत सोडावी, असा विचार पहिल्यांदा मनात येतो. पॅनेलमधून डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज निघते आणि बॅटरीलाही डीसीच लागते. मग मध्ये इन्व्हर्टर घालून तिची एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज करायची आणि गाडीतल्या चार्जरने पुन्हा डीसी करायची, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असा प्रश्न रास्त आहे. मात्र बॅटरी भरली आहे की नाही हे पॅनेलला कधीच कळत नाही. ऊन आहे तोवर ते प्रवाह ढकलत राहते आणि भरलेल्या लिथियम बॅटरीत प्रवाह जात राहिला, तर आधी सेल खराब होतात आणि पुढे आगीचा धोका निर्माण होतो. बॅटरीत वीज भरणे सोपे आहे, ती वेळेवर थांबवणे अवघड आहे. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारत राहावा: चार्जिंग थांबवणार कोण, आणि त्याने थांबवले नाही तर त्याच्या मागे दुसरे कोण उभे आहे?

पहिली पायरी: बॅटरीची नेमकी ओळख करून घ्या

गाडीच्या माहितीपत्रकात ४८, ६० किंवा ७२ व्होल्ट असा आकडा दिलेला असतो. तो नाममात्र असतो. चार्जिंगसाठी उपयोगाचा आकडा म्हणजे बॅटरी पूर्ण भरल्यावरचे व्होल्टेज. ते सेलच्या प्रकारावर आणि एकसर, म्हणजे एकामागोमाग एक, जोडलेल्या सेलच्या संख्येवर ठरते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट म्हणजे एनएमसी प्रकारच्या लिथियम सेलची कमाल मर्यादा सहसा ४.२ व्होल्ट असते, तर लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी सेलची ३.६५ व्होल्ट असते. १२ व्होल्टच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला २५ अंश सेल्सिअसला सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत नेले जाते. म्हणजे तीनचाकीत अशा चार बॅटऱ्या एकसर जोडून ४८ व्होल्टचा संच केलेला असेल, तर चार्जिंग ५७.६ व्होल्टच्या आसपास जाऊन थांबले पाहिजे.

नवखा माणूस बहुधा इथेच फसतो. ७२ व्होल्ट असे लेबल असलेल्या एका स्कूटरच्या बॅटरीत एनएमसीचे २० सेल एकसर असतील, तर तिची कमाल मर्यादा ८४ व्होल्ट होते. त्याच लेबलच्या दुसऱ्या बॅटरीत एलएफपीचे २४ सेल असतील, तर तिची मर्यादा ८७.६ व्होल्ट होते. दुसरीसाठी ठरवलेले व्होल्टेज पहिलीला लावले, तर प्रत्येक सेलवर जवळजवळ ४.३८ व्होल्ट पडतात आणि एनएमसी सेलसाठी ते उघड धोक्याचे आहे. लेबल सारखे असले तरी बॅटऱ्या सारख्या नसतात. खात्रीचा आणि सोपा मार्ग म्हणजे गाडीबरोबर आलेल्या चार्जरच्या मागची पट्टी वाचणे. तिच्यावर आउटपुटच्या ओळीत, उदाहरणार्थ, ८४ व्होल्ट, १० अँपिअर असे छापलेले असते, आणि उत्पादकाने त्या बॅटरीसाठी मान्य केलेले कमाल व्होल्टेज आणि नेहमीचा चार्जिंग प्रवाह हेच असतात. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावरच उभा आहे.

त्याचबरोबर बॅटरीत बीएमएस आहे का, हे पाहावे. बीएमएस म्हणजे प्रत्येक सेलचे व्होल्टेज आणि तापमान पाहून गरज पडल्यास चार्जिंग तोडणारे सर्किट. लिथियम बॅटरीत ते असतेच असे गृहीत धरू नये. जुन्या किंवा स्थानिक पातळीवर जोडलेल्या संचात ते नसल्यास अशा बॅटरीवर सौर चार्जिंगचा प्रयोग मुळीच करू नये. लेड-अ‍ॅसिड संचात बीएमएस नसते, आणि तिथे थांबवण्याची सगळी जबाबदारी एकट्या कंट्रोलरवर, म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून चार्जिंगचे नियंत्रण करणाऱ्या उपकरणावर, पडते.

दुसरी पायरी: कोणत्या वाटेने जायचे ते ठरवा

पहिली वाट खऱ्या अर्थाने थेट आहे: पॅनेलमधून सौर चार्ज कंट्रोलर आणि कंट्रोलरमधून गाडीची बॅटरी. कमी व्होल्टेजच्या दुचाकी, तीनचाकी, गोल्फ कार्ट अशा वाहनांना ती शोभते. रूपांतर एकदाच होते आणि चांगल्या कंट्रोलरमध्ये फार तर तीन ते पाच टक्के वीज वाया जाते.

दुसऱ्या वाटेत पॅनेलमधून आधी जागेवरची स्थिर बॅटरी भरते, तिच्यावर इन्व्हर्टर चालतो आणि गाडी आपल्या स्वतःच्या चार्जरवर चार्ज होते. यात पॅनेलपासून गाडीच्या बॅटरीपर्यंत साधारण पाव हिस्सा वीज वाटेतच खर्ची पडते. तरीही ज्याने याआधी डीसी वायरिंग हाताळलेले नाही, त्याने हीच वाट धरावी असे मी म्हणेन, कारण इथे थांबवण्याचे काम गाडी बनवणाऱ्यांनी त्या बॅटरीसाठीच तयार केलेला चार्जर करतो. वाया गेलेल्या विजेची भरपाई एखाद-दुसऱ्या जादा पॅनेलने होते. चुकीच्या व्होल्टेजने गेलेल्या बॅटरीची भरपाई तशी होत नाही.

तिसरी वाट चारचाकी मोटारीच्या उच्च व्होल्टेज बॅटरीला थेट डीसी देण्याची. ९६ सेल एकसर असलेला संच भरल्यावर ४०३ व्होल्टवर असतो, आणि काही नव्या मोटारींत तो ८०० व्होल्टच्या घरात जातो. मोटारीच्या डीसी सॉकेटमागे कॉन्टॅक्टर म्हणजे विजेवर चालणारे मोठे स्विच असतात आणि चार्जर व मोटार यांच्यात ठरलेल्या नियमांनी संवाद पूर्ण झाल्याशिवाय ते जोडणी करतच नाहीत, त्यामुळे तिथे नुसते पॅनेल आणून जोडता येत नाही. संच उघडून आतल्या टर्मिनलवर वायर लावण्याचा विचारही करू नये. बहुतेक सौर कंट्रोलरमध्ये इनपुट आणि आउटपुट एकमेकांपासून विलग नसतात, म्हणून अशा जोडणीत छपरावरच्या पॅनेलची प्रत्येक वायर मोटारीच्या चारशे व्होल्टशी बांधली जाते आणि मोटारीतली इन्सुलेशन तपासणारी यंत्रणा दोष दाखवून गाडी बंद पाडण्याचीही शक्यता असते. मोटारीला थेट डीसी द्यायचीच असेल, तर त्यासाठी बनवलेला, मोटारीशी संवाद साधणारा तयार डीसी चार्जरच हवा. तो नसेल तर मोटारीसाठी दुसरी वाट.

एका आडवाटेचाही उल्लेख करायला हवा, कारण ती सुचवणारे भेटतात. गाडीचा साधा चार्जर आत आलेली एसी वीज आधी डीसीच करतो, म्हणून एकसर जोडलेल्या पॅनेलची उच्च व्होल्टेजची माळ थेट त्या चार्जरच्या इनपुटला जोडली तरी काही चार्जर चालतात. चालतात, पण टिकून चालत नाहीत. असा चार्जर ठरलेली वॅट मागत राहतो. ढग आला आणि पॅनेल तेवढे देऊ शकले नाही, तर तो जास्त प्रवाह ओढू पाहतो, त्यामुळे पॅनेलचे व्होल्टेज कोसळते, चार्जर बंद पडतो, व्होल्टेज पुन्हा वर येते, चार्जर पुन्हा सुरू होतो आणि हे चक्र ऊन स्थिर होईपर्यंत चालते. शिवाय त्याच्या आतले फ्यूज आणि स्विच एसीसाठी निवडलेले असतात. नवख्याने या वाटेला जाऊ नये.

तिसरी पायरी: किती पॅनेल लागतील

हिशेब गाडीच्या रोजच्या वापरापासून सुरू करावा, बॅटरीच्या पूर्ण क्षमतेपासून नव्हे. ७२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांच्या स्कूटरच्या बॅटरीत सुमारे २.९ किलोवॅट-तास मावतात, पण स्कूटर रोज ४० किलोमीटर चालत असेल आणि किलोमीटरला ३० वॅट-तास खात असेल, तर रोज भरायचे असतात ते केवळ १.२ किलोवॅट-तास. कंट्रोलर, वायर आणि बॅटरी यांतली घट धरून पॅनेलकडून १.३ किलोवॅट-तास मिळाले पाहिजेत.

पॅनेलवर छापलेले वॅट प्रयोगशाळेतले असतात: चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश. छपरावर भर उन्हात सेल ६० ते ६५ अंशांपर्यंत तापतो, आणि प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के शक्ती घटते. त्यात धूळ आणि वायरमधली घट धरली की छापील आकड्याच्या तीनचतुर्थांश हाती येते असे समजावे. एखाद्या ठिकाणी दिवसाला भर उन्हाचे साडेचार तास धरता येत असतील, तर एक किलोवॅट पॅनेलमधून रोज सुमारे ३.४ किलोवॅट-तास मिळतात. म्हणजे वरच्या स्कूटरला कागदावर ४०० वॅट पुरतात.

कागदावर म्हणण्याचे कारण असे की ऊन असते तेव्हा गाडी बहुतेक वेळा घरी नसते. थेट चार्जिंगची खरी अडचण तंत्रात नसून वेळापत्रकात आहे. गाडी दुपारी फक्त तीन तास पॅनेलखाली उभी राहणार असेल, तर सगळा हिशेब त्या तीन तासांवरच करावा लागतो आणि ४०० वॅटचे सहज ६०० वॅट होतात. गाडी दिवसभर बाहेर आणि रात्री घरी असेल, तर थेट जोडणीचा नाद सोडून स्थिर बॅटरी घ्यावी, किंवा गाडीची बॅटरी काढता येत असल्यास दुसरी बॅटरी घेऊन आलटून-पालटून वापरावी.

चौथी पायरी: पॅनेलची माळ जुळवणे

या पायरीला घाई करू नये. बाजारात सहज मिळणारे बहुसंख्य एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढून घेणारे कंट्रोलर, व्होल्टेज फक्त उतरवू शकतात, चढवू शकत नाहीत. म्हणून पॅनेलच्या माळेचे व्होल्टेज बॅटरीच्या पूर्ण भरलेल्या व्होल्टेजपेक्षा नेहमी वर राहिले पाहिजे, आणि चार्जिंग सुरू होण्यासाठी अनेक कंट्रोलरना त्याहून सुमारे पाच व्होल्ट जास्त लागतात. दुसऱ्या बाजूला कंट्रोलरच्या इनपुटची कमाल मर्यादा असते, आणि ती एकदा जरी ओलांडली तरी कंट्रोलर जळू शकतो. पॅनेलचे व्होल्टेज उन्हात तापल्यावर घटते आणि थंडीत वाढते. त्यामुळे खालची मर्यादा सर्वांत गरम दुपारसाठी तपासायची आणि वरची मर्यादा सर्वांत थंड पहाटेसाठी.

८४ व्होल्टवर भरणारी तीच बॅटरी आणि १५० व्होल्ट मर्यादेचा कंट्रोलर घेऊन हे करून पाहू. ५४० वॅटच्या आसपासच्या मोठ्या पॅनेलचे ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे प्रवाह वाहत नसतानाचे व्होल्टेज, साधारण ४९.५ असते आणि कमाल शक्तीच्या वेळचे ४१.६. दोन पॅनेल एकसर जोडले, तर प्रयोगशाळेच्या आकड्यांनुसार ८३.२ व्होल्ट होतात; ६५ अंशांना तापल्यावर त्यातले साधारण १४ टक्के गळतात आणि ७१ ते ७२ व्होल्टच उरतात. इतक्यावर बॅटरी पूर्ण भरणार नाही. मग तीन जोडावेत, तर ओपन सर्किट व्होल्टेज १४८.५ होते, म्हणजे १५०च्या आत, आणि इथे अनेकांना बसले गणित असे वाटते. पण पहाटे पाच अंश तापमानात, अंशाला ०.२८ टक्के या दराने, प्रत्येक पॅनेल ५२.३ व्होल्टवर जाते आणि माळ १५६.८ व्होल्टवर. कोवळे ऊन पडताच, बॅटरीने प्रवाह घ्यायला सुरुवात करण्याच्या आधीच कंट्रोलर बाद होऊ शकतो. तीन मोठी पॅनेल हवी असतील, तर कंट्रोलर २५० व्होल्ट मर्यादेचा घ्यावा.

हेच गणित लहान पॅनेलनी बसते. १०० वॅटच्या, ३६ सेलच्या पॅनेलचे ओपन सर्किट व्होल्टेज सुमारे २२ आणि कामाचे १८ असते. अशी सहा एकसर जोडली, तर पाच अंशांना १३९ व्होल्ट होतात, जे १५०च्या आत आहेत. आणि तापल्यावर ९३ व्होल्ट उरतात, जे ८४पेक्षा नऊने जास्त आहेत. शक्ती होते ६०० वॅट, म्हणजे गरम दुपारीसुद्धा साडेपाच अँपिअरच्या आसपास प्रवाह, जो ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीला सौम्यच आहे. पॅनेलच्या मागच्या पट्टीवरचे स्वतःचे आकडे आणि आपल्या जागेचे सर्वांत कमी व सर्वांत जास्त तापमान घेऊन हा हिशेब प्रत्येकाने कागदावर करावा.

एकसर माळेतल्या एका पॅनेलवर झाडाची किंवा खांबाची सावली पडली, तर नुकसान त्या एका पॅनेलपुरते राहत नाही. वरच्या माळेत एक पॅनेल जरी सावलीने बाद झाले, तरी ९३ व्होल्टचे ७८ होतात आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचत नाही. जागा ठरवताना दिवसभराची सावली स्वतः उभे राहून पाहावी.

व्होल्टेज चढवणारे एमपीपीटी कंट्रोलरही मिळतात. त्यात एखाद-दोन पॅनेलच्या कमी व्होल्टेजवरून ४८, ६० किंवा ७२ व्होल्टची बॅटरी भरता येते आणि माळेचा धोका कमी होतो. मात्र त्यांच्याबाबत नियम उलटा असतो: पॅनेलचे व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा कमीच राहिले पाहिजे, नाहीतर कंट्रोलरच्या हातातून नियंत्रण सुटते. स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला जवळपास सरळ बॅटरीशी जोडतात. गाडीसाठी ते विचारात घेऊ नयेत.

पाचवी पायरी: कंट्रोलरमध्ये आकडे भरणे

बॅटरीचे व्होल्टेज आपोआप ओळखण्याची सोय कंट्रोलरमध्ये असली तरी ती बंद करून आकडे हाताने भरावेत, कारण अर्धी उतरलेली ७२ व्होल्टची बॅटरी त्याला भलतीच काहीतरी वाटू शकते. अनेक लोकप्रिय कंट्रोलर ४८ व्होल्टच्या पुढे जातच नाहीत, हेही खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.

लिथियम बॅटरीसाठी कमाल व्होल्टेज चार्जरच्या पट्टीवरच्या आकड्यापेक्षा थोडे खाली ठेवावे. २० सेलच्या एनएमसी संचाला ८४ऐवजी ८२ व्होल्ट दिले, तर क्षमतेचा साधारण दहावा भाग वापरात येत नाही, पण सेलचे आयुष्य वाढते आणि मापनातल्या लहानसहान चुकांना जागा राहते. याहून महत्त्वाचे म्हणजे असे केल्याने आधी कंट्रोलर थांबतो आणि बीएमएसवर वेळच येत नाही. कंट्रोलर भरात असताना बीएमएसने अचानक जोडणी तोडली, तर त्याच्या आउटपुटचे व्होल्टेज क्षणभर उसळते आणि त्यात कंट्रोलर किंवा त्याच वायरवरचे दुसरे उपकरण जाऊ शकते. रोजचे थांबवणे कंट्रोलरचे काम आहे. बीएमएस अडीअडचणीसाठी राखून ठेवावे. एलएफपी संचाला प्रति सेल ३.४५ ते ३.५ व्होल्ट पुरतात, मात्र त्याला अधूनमधून पूर्ण भरू द्यावे, म्हणजे बीएमएसला सेलमधला फरक मिटवता येतो.

फ्लोट म्हणजे भरल्यानंतरही थोडा दाब ठेवण्याची अवस्था लिथियमला लागत नाही. ती बंद करावी, किंवा बंद होत नसेल तर तिचे व्होल्टेज बरेच खाली ठेवावे. लेड-अ‍ॅसिडसाठी बनवलेले कंट्रोलर ठरावीक दिवसांनी इक्वलायझेशन नावाचा जादा व्होल्टेजचा टप्पा आपणहून घेतात. लिथियम बॅटरी जोडण्यापूर्वी तो बंद आहे याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लेड-अ‍ॅसिड संचाला तापमानानुसार व्होल्टेज बदलावे लागते. ४८ व्होल्टच्या संचात २४ सेल असतात आणि प्रत्येक सेलमागे अंशाला सुमारे ४ मिलिव्होल्ट कमी करायचे असतात; म्हणजे ४० अंशांना ५७.६ऐवजी ५६.२ व्होल्टवर थांबायला हवे. कंट्रोलरबरोबर येणारा तापमानाचा सेन्सर याच कामासाठी असतो. तो बॅटरीच्या अंगाला चिकटवावा. पिशवीत तसाच ठेवून देऊ नये.

प्रवाहाची मर्यादा लेड-अ‍ॅसिडला अँपिअर-तासांच्या दहा ते पंधरा टक्के ठेवावी, आणि लिथियमला मूळ चार्जरवर छापलेल्या प्रवाहापेक्षा जास्त कधीच ठेवू नये. लिथियम सेल शून्य अंशाखाली चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियमचा थर जमतो आणि ते नुकसान भरून येत नाही. ४५ अंशांच्या वरही चार्जिंग टाळावे. नुकतीच चालवून आणलेली, तापलेली गाडी लगेच जोडू नये आणि बॅटरी स्वतः उन्हात ठेवू नये. ऊन पॅनेलला हवे असते, बॅटरीला सावली.

सहावी पायरी: वायर, फ्यूज आणि ब्रेकर

एसीचा प्रवाह ५० हर्ट्झला सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येत नाही. ठिणगी कमानीसारखी टिकून राहते आणि स्विच वितळवते. म्हणून घरातला साधा एमसीबी इथे चालत नाही. पॅनेलच्या माळेच्या सर्वांत थंड व्होल्टेजपेक्षा जास्त क्षमतेचा, डीसी असे स्पष्ट लिहिलेला ब्रेकर किंवा आयसोलेटर (हाताने जोडणी तोडण्याचा स्विच) पॅनेल आणि कंट्रोलरच्या मध्ये बसवावा. काही डीसी ब्रेकरना प्लस-मायनसची दिशा असते. उलटे लावल्यास ते ऐन वेळी ठिणगी विझवू शकत नाहीत.

बॅटरीच्या बाजूला, बॅटरीच्या टर्मिनलजवळच, प्लसच्या वायरवर फ्यूज हवा. शॉर्ट सर्किटमध्ये शेकडो अँपिअर देण्याची ताकद पॅनेलमध्ये नसते, बॅटरीत असते. कंट्रोलरचा कमाल प्रवाह १५ अँपिअर असेल, तर २० अँपिअरचा फ्यूज योग्य. वाहनांच्या दुकानात मिळणारे पात्याचे रंगीत फ्यूज बहुतेक ३२ व्होल्टसाठी असतात. अँपिअर जुळले तरी ७२ व्होल्टवर ते भरवशाचे नाहीत.

कंट्रोलर बॅटरीजवळ ठेवावा आणि लांब वायर पॅनेलच्या बाजूला जाऊ द्यावी. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटर अंतरावर, म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर, १५ अँपिअर वाहून नेताना सुमारे एक व्होल्ट खाते. ही घट कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यात असेल, तर कंट्रोलरला ५७.६ व्होल्ट दिसतात तेव्हा बॅटरीवर ५६.६च असतात, त्यामुळे तो लवकर हात आखडता घेतो आणि चार्जिंग रेंगाळते. तीच घट शंभर व्होल्टच्या पॅनेलमाळेवर पडली तर जाणवतही नाही.

पॅनेलचे एमसी४ कनेक्टर प्रवाह चालू असताना कधीही ओढून काढू नयेत, आणि वेगवेगळ्या उत्पादकांचे नर-मादी कनेक्टर एकमेकांत बसले तरी जोडू नयेत. सांध्यातला किंचित ढिलेपणाच पुढे तापतो. पॅनेलच्या चौकटी आणि स्टँड यांना अर्थिंग करावे, परंतु गाडीच्या बॅटरीचा मायनस अर्थला जोडू नये.

सातवी पायरी: पहिली जोडणी

६० व्होल्टच्या वरचा डीसी धोकादायक मानूनच हातात पकड घ्यावी. अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवावे, आणि मीटर माळेच्या व्होल्टेजला पुरेल असाच वापरावा. आयसोलेटर बंद असताना माळेच्या टोकांवर ओपन सर्किट व्होल्टेज मोजावे. ते कागदावरच्या आकड्याच्या जवळपास आले पाहिजे. शून्य आले, तर कुठेतरी सांधा सुटला आहे, आणि दोन पॅनेलइतके कमी आले, तर एखादे पॅनेल उलटे जोडले गेले आहे. प्लस-मायनस मीटरवर पाहिल्याशिवाय, केवळ वायरच्या रंगावर विसंबून, काहीही जोडू नये.

आधी बॅटरी कंट्रोलरला जोडावी, कंट्रोलर जागा होऊन बॅटरीचे व्होल्टेज दाखवू लागला की सगळे आकडे पुन्हा एकदा तपासावेत, आणि मगच पॅनेलचा आयसोलेटर चालू करावा. काढताना नेमके उलटे: आधी पॅनेल, मग बॅटरी. हा क्रम कंट्रोलरच्या शेजारी भिंतीवर लिहून लावावा, कारण गाडी रोज जोडायची आणि सोडायची असते आणि घाईत हाच क्रम उलटतो.

बॅटरी जोडूनही कंट्रोलर जागा झाला नाही, तर तो बिघडला असे लगेच समजू नये. अनेक स्कूटरच्या चार्जिंग सॉकेटमधून वीज फक्त आत जाऊ शकते, बाहेर येत नाही. मीटर लावला तर तिथे शून्य व्होल्ट दिसतात. बहुतेक सौर कंट्रोलर बॅटरीकडून येणाऱ्या विजेवर सुरू होतात, त्यामुळे समोर बॅटरी आहे हेच त्यांना कळत नाही. मोटरकडे जाणाऱ्या टर्मिनलवरून चार्ज करणे हा यावरचा प्रचलित उपाय असला, तरी काही संचांत त्या बाजूने आलेल्या चार्जिंगवर बीएमएसचा ताबा नसतो आणि शेवटचा पहारेकरीच नाहीसा होतो. चार्जर व बॅटरी यांच्यात माहितीची देवाणघेवाण झाल्याशिवाय चार्जिंग सुरू न करणाऱ्या गाड्याही आहेत. या दोन्ही बाबतींत मुकाट्याने दुसऱ्या वाटेला, म्हणजे इन्व्हर्टर आणि मूळ चार्जरकडे, वळावे.

प्रवाह सुरू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी प्रत्येक टर्मिनल, फ्यूजचा होल्डर आणि कनेक्टर यांचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहावे. शेजारच्यापेक्षा स्पष्ट गरम असलेला सांधा ढिला असतो. पहिले चार्जिंग शेवटपर्यंत जागेवर थांबून पाहावे. बॅटरीच्या टर्मिनलवर स्वतंत्र मीटर लावून, कंट्रोलर ठरवलेल्या व्होल्टेजवर अडतो का आणि त्यानंतर प्रवाह हळूहळू उतरतो का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती जोडणी एकटी सोडू नये. लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो. म्हणून बंद खोलीत ती चार्ज करू नये आणि कंट्रोलर बॅटरीच्या अगदी वर टांगू नये.

मोटारीसाठी इन्व्हर्टरची वाट

मोटार आणि एसी चार्जिंग पॉइंट यांच्यात एका वायरवर एक किलोहर्ट्झचा संकेत चालतो आणि त्याच्या स्पंदाच्या रुंदीवरून किती अँपिअर घेता येतील हे मोटारीला कळते: दहा टक्के रुंदी म्हणजे ६ अँपिअर. सहाच्या खाली ही पद्धत उतरत नाही. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे १,३८० वॅट. ढग आला आणि पॅनेलमधून हजारच वॅट येऊ लागले, तर उरलेले कुठून तरी आले पाहिजेत, म्हणून मध्ये स्थिर बॅटरी असल्याशिवाय ही व्यवस्था टिकत नाही. ती नसेल तर मोटारीचे कॉन्टॅक्टर दिवसभर उघड-बंद होत राहतात, आणि ते त्यासाठी बनवलेले नसतात.

रोज ४० किलोमीटर चालणाऱ्या आणि किलोमीटरला १५० वॅट-तास खाणाऱ्या मोटारीला ६ किलोवॅट-तास लागतात. वाटेतली घट धरून पॅनेलकडून ८ लागतात, म्हणजे आधीच्याच हिशेबाने किमान अडीच किलोवॅट पॅनेल. ढगाळ दिवसही निभवायचे असतील, तर चार किलोवॅटचा विचार करावा. फार कमी अँपिअरवर तासन्‌तास चार्ज करणेही फायद्याचे नाही, कारण चार्जिंग चालू असताना मोटारीची स्वतःची यंत्रणा सुमारे दोन-तीनशे वॅट खाते, मग आत जाणारा प्रवाह कितीही लहान असो. ऊन चांगले असताना ८ ते १० अँपिअरवर कमी वेळ चार्ज करावे.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा आणि त्याची क्षमता गरम हवेत सतत किती वॅट देतो यावरून पाहावी, क्षणिक कमाल आकड्यावरून नव्हे. सगळे ठीक असूनही मोटार अर्थिंगचा दोष दाखवून चार्जिंग नाकारत असेल, तर बहुधा इन्व्हर्टरचा न्यूट्रल तरंगता, म्हणजे अर्थला न जोडलेला, असतो. ग्रिडविना चालणाऱ्या व्यवस्थेत न्यूट्रल आणि अर्थ एका, आणि केवळ एकाच, जागी जोडावे लागतात आणि त्यानंतर डीसी गळतीही ओळखणारे आरसीडी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण, बसवावे लागते. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. मोटार नुसती सुरू व्हावी म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांचा तुकडा जोडून देणे म्हणजे मोटारीने बरोबर दिलेला इशारा बंद पाडणे आहे.

व्यवस्था रुळल्यावर महिन्यातून एकदा पॅनेल धुवावेत, सकाळी किंवा संध्याकाळी, तापलेल्या काचेवर गार पाणी न ओतता. टर्मिनलचे स्क्रू दर काही महिन्यांनी पॅनेलचा आयसोलेटर बंद करून आवळावेत. पाण्याच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत चार्जिंग संपल्यानंतर डिस्टिल्ड वॉटर भरावे. आधी भरल्यास चार्जिंगच्या वेळी ते अ‍ॅसिडसह बाहेर येते. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल, तर लिथियम बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवून पॅनेलचा आयसोलेटर बंद करावा आणि मग गाडीची जोडणी सोडावी. लेड-अ‍ॅसिड मात्र पूर्ण भरून फ्लोटवरच ठेवावी, कारण अर्धवट उतरलेल्या अवस्थेत तिच्या प्लेटांवर सल्फेट जमते.